पदराचा बोळा

डोळा दुखतो म्हटलं की आमच्या मिरजेच्या घरात सगळ्यांत आधी हलायचा तो पदर. आई असो, थोरली काकू असो की माई आत्या, जी हाताशी असेल तिचा हात पदराच्या टोकाकडे जायचा. टोकाची गुंडाळी करून मुठीत मावेल एवढा बोळा व्हायचा. तो ओठांशी धरून ‘हाऽ’ करत पोटातला श्वास त्यात सोडायचा, दोनदा-तीनदा, आणि तो दमट, कोमट बोळा मिटल्या पापणीवर टेकवायचा. दाबायचा नाही. वजन पडलं की पोराचं डोकं मागे सरतं, ते तिच्या बोटांना कळायचं आणि बोटं तेवढीच मागे यायची. वीसेक आकडे मोजून होईस्तोवर बोळा निवायचा, मग पुन्हा ‘हाऽ’. त्या पदराला फोडणीचा, ५०१ बारचा आणि थोडा घामाचा वास असायचा. एक डोळा झाकलेला, दुसऱ्यानं तिच्या बांगड्यांकडे बघत बसायचं. माई आत्या असली तर बांगड्या नसायच्या, मग जमिनीवरच्या फरश्या मोजायच्या.

१९६० ते ७५ च्या सुमारास ज्यांचं लहानपण गेलं त्यांना हे सांगावं लागत नाही. आमच्यातली काही भावंडं दादरच्या चाळीत वाढली, एक मावसबहीण नागपूरला, दोघे कोल्हापुरात. भेटल्यावर शेकाचा विषय निघाला की बोलता बोलता प्रत्येकाचा हात मूठ होऊन तोंडाशी जातो. नागपूरची म्हणते, आमच्याकडे पदर नाही, आजोबांच्या धोतराचा सोगा. तेवढाच फरक.

घरात शेकाचे प्रकार पुष्कळ होते आणि कुठला कुठे हे ठरलेलं होतं. पोट दुखलं तर चुलीजवळ तापवलेला विटेचा तुकडा फडक्यात गुंडाळून. गुडघ्याला तव्यावर भाजलेल्या मिठाची पुरचुंडी. कंबरेला वाळू. सर्दीनं छाती भरली तर एरंडाच्या पानाला तेल लावून, ते निखाऱ्यावर धरून. रबरी पिशवी पुढे आली, ती काकांच्या पाठीसाठी, आणि ती इतकी जपून ठेवलेली असे की तिचा रबर वापरानं नाही, कपाटात पडून पडूनच चिरला. डोळ्याला मात्र यातलं काहीही चालत नसे. डोळ्याला तीनच गोष्टी: तोंडाची वाफ, चोळलेले तळहात, आणि फार झालं तर बंबाच्या कोमट पाण्यात पिळलेली पंच्याची घडी. ती घडीसुद्धा आधी घडी करणारीच्या गालाला लागायची. मग आमच्या. रांजणवाडी आली की चौथा उपाय निघे, तो आम्ही स्वतः करू शकत होतो: तर्जनी दुसऱ्या तळहातावर खसाखसा घासायची आणि चटका बसेल इतकी तापली की पुळीवर टेकवायची. शाळेत मागच्या बाकावर बसून हे करताना मास्तरांनी दोन-चार पोरांना खडू मारलेला आहे.

मिठाची पुरचुंडी डोळ्यावर का नको, असं एकदा कुणीतरी विचारलं. माई आत्या म्हणाली, ‘डोळा शिजेल बाई.’ तिनं चरक वाचला नव्हता. पण चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शेकाचा जो चौदावा अध्याय आहे, त्यात नेमकं हेच आहे. डोळे, हृदय आणि वृषण यांना शेक द्यायचाच झाला तर अगदी हलका, नाहीतर देऊच नये. अंगाला मोठा शेक चालू असताना डोळे झाकून ठेवावेत असंही त्यात सांगितलंय. ग्रंथातलं हे कुणा वैद्याच्या तोंडून कुठल्या तरी स्वयंपाकघरात शिरलं, की स्वयंपाकघरातलं वैद्यानं उचलून ग्रंथात घातलं, हे कोण सांगणार. मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. शेकणारे हात आधी होते.

डोळे आले की मात्र शेक बंद. लाल डोळ्याला ऊब नको, थंड घडी. १९७१ साली डोळ्यांची मोठी साथ आली. बांगलादेशच्या लढाईचे आणि निर्वासितांचे दिवस, म्हणून बंगालात त्या साथीचं नाव ‘जॉय बांगला’ पडलं. आमच्याकडेही एका आठवड्यात आठ जणांचे डोळे लाल. गुलाबपाण्याच्या घड्या, अंधारी खोली, आणि सकाळी चिपडांनी चिकटलेल्या पापण्या कोमट पाण्याच्या कापसानं सोडवून घ्यायच्या. हे सगळं रास्त. पण हात पुसायला आठ जणांना एकच पंचा, आणि तो पंचा ओसरीतल्या खुंटीवर. साथ घरभर फिरली याचं श्रेय त्या खुंटीला द्यावं लागेल.

तीच गोष्ट काजळाची. आता काजळावर हळवं होऊन लिहितात म्हणून हेही लिहून ठेवते. आमच्याकडे काजळ माई आत्या धरायची. तुपाचं निरांजन, दोन वाट्यांवर पालथी टाकलेली काशाची ताटली, रात्रभर ज्योत. सकाळी ताटलीच्या पोटाला मखमली काजळी. ती खरवडून, लोण्यात खलून, चांदीच्या डबीत. मग संध्याकाळी दिवेलागणीला सगळी पोरं रांगेत आणि आईचं एकच बोट, एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात, एका पोरातून दुसऱ्या पोरात. त्या काळी खुपऱ्या म्हणजे ट्रॅकोमा हा आपल्या देशात अंधत्वाचं एक मोठं कारण होता. सरकारनं १९६३ साली त्याच्यासाठी वेगळी मोहीमच उघडली. माश्या, एकच पंचा आणि एकच काजळाचं बोट, या त्याच्या वाटा. भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली जाहीर केलं. मला ती बातमी वाचून आमची चांदीची डबी आठवली आणि फार प्रेमानं आठवली असं म्हणवत नाही.

काजळ धरणारी माई आत्या स्वतः काजळ घालत नसे. विसाव्या वर्षी परत माहेरी आलेली बाई. कुंकू नाही, फूल नाही, आरशासमोर उभं राहणं नाही. आमच्या घरात तिला कुणी घालूनपाडून बोललेलं मला आठवत नाही, पण बोलायची गरजही नव्हती, तिला सगळं ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येक डोळ्याला शेक तिनं दिला. तिच्या डोळ्याला कोण देत होतं, हा प्रश्न आम्हांला पन्नास वर्षांनी पडला.

तिचा एकच लाड होता, आणि तोही औषध म्हणून. उन्हाळा संपला की ती शतधौत घृत करायला बसायची. तांब्याची परात, त्यात गाईचं तूप, वर थंड पाणी, आणि तांब्याच्या वाटीचा बुडखा. वाटीनं तूप परातीत गोल गोल फिरवायचं. पाणी गढूळ झालं की ओतायचं, नवं घालायचं. असं शंभर वेळा. मोजायला आम्हांला बसवायची, जमिनीवर चिंचोके मांडून. वीस-पंचवीस धुण्यांनंतर तुपाचा पिवळा रंग जायला लागे, पन्नासच्या पुढे वास जाई आणि शेवटी परातीत पांढरंशुभ्र, हलकं, बोटाला लावलं की लगेच मुरणारं काहीतरी उरे. तूप म्हणून ते ओळखूही येत नसे. भाजलं, घामोळं आलं, टाच फुटली, बाळाच्या मांड्या लाल झाल्या, सगळ्याला तेच. पण रात्री निजताना आत्या करंगळीच्या टोकावर मोहरीएवढं घ्यायची आणि डोळ्यांखाली, नाकाकडून कानाकडे, हळूच टिपत जायची. विचारलं तर म्हणायची, ‘डोळ्यांची आग होते ग. चुलीचा धूर.’

आग होतही असेल. पण वयाच्या साठीतही तिच्या डोळ्यांभोवतालची कातडी घरातल्या सगळ्या सवाष्णींपेक्षा नितळ होती. हे सगळ्या सवाष्णींनी पाहिलं होतं आणि एकीनंही उच्चारलं नव्हतं.

आमच्या त्या घरांमध्ये शोभेला पुढच्या दारानं यायची सोय नव्हती, ती औषधाच्या दारानं यायची. काकूच्या ट्रंकेत तळाशी अफगाण स्नोची डबी असे, १९१९ पासून मुंबईत पाटणवाला बनवत आले ती. लग्नकार्याला ती वर निघे आणि परत तळाशी जाई. पुढे १९७५ मध्ये विकोची हळदीची क्रीम आली आणि आमच्या सगळ्या बायकांचा प्रश्नच सुटला. हळद म्हणजे औषध. पेंढारकरांची मराठी कंपनी, आधीची दंतपावडर घरात होतीच. ती क्रीम औषध की प्रसाधन, यावर कंपनीचा आणि अबकारी खात्याचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला, कारण दोन्हींवरचा कर वेगवेगळा. शेवटी निकाल औषधाच्या बाजूनं लागला. आमच्या माजघरातला निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला होता. काकांनी ट्यूब पाहून भुवई उचलली तेव्हा काकू म्हणाली, ‘पुटकुळ्यांसाठी आहे.’ तिला आयुष्यात पुटकुळी आली नव्हती.

वय दिसू नये असं म्हणण्याची त्या बायकांना परवानगी नव्हती, असं माझं स्पष्ट मत झालंय. शब्दसुद्धा नव्हते. चेहरा सुकला, डोळे खोल गेले, काळवंडली बिचारी, असं बोललं जाई, आणि ते सगळं दुखण्याच्या किंवा दुःखाच्या खात्यात जमा होई. नुसतं वय झालं म्हणून डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या आल्या आणि त्या मला नको आहेत, हे वाक्य आमच्या घरात कुणी बोललं असतं तर थोरल्या काकांनी पंचांग मिटून वर पाहिलं असतं.

आणि कातडीवर अत्याचार म्हणाल तर कमी नव्हते. चुलीसमोर दिवसाचे सहा-सात तास. ऊन हे सुरकुत्यांचं मोठं कारण हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण नुसती धगही कातडीला म्हातारी करते. उष्णतेनं कोलॅजेन तोडणारी विकरं वाढतात, हे दक्षिण कोरियात सोलच्या त्वचातज्ज्ञांनी दाखवून दिलंय. धग वर्षानुवर्षं एकाच जागी लागत राहिली तर तिथे जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. काश्मिरात फिरनच्या (सैल झग्याच्या) आत कांगडी (निखाऱ्यांची टोपली) बाळगणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर असे डाग पडतात आणि पुढे काहींना त्याच जागी कर्करोगही होतो. तो ‘कांगडी कॅन्सर’ वैद्यकाच्या पुस्तकांत शंभराहून जास्त वर्षं आहे. आमच्या थोरल्या काकूच्या गालांवर तपकिरी छटा होती, तिला सगळे वांग म्हणत आणि कारण पित्त सांगत. तिची जागा चुलीच्या तोंडासमोरची, आणि ती जागा घरातल्या मोठ्या सुनेची होती. गॅस आला तेव्हा ती पन्नाशीच्या पुढे गेलेली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या नकळत भली झाली. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर वाळवणं घालताना डोईवरचा पदर पुढे ओढलेला असायचा, पार भुवयांपर्यंत. तो सासरेबुवांसाठी होता, उन्हासाठी नाही. पण कपाळ आणि डोळे सावलीत राहत. आजीच्या एका फोटोत कपाळ आणि गाल यांच्यात चक्क सीमारेषा दिसते. आमच्या पिढीनं पदर खाली घेतला, ते योग्यच केलं, पण त्याच्या जागी टोपी घ्यायचं कुणी सांगितलं नाही.

आजीचा मोतीबिंदू मिशन हॉस्पिटलात काढला. मिरजेला हे हॉस्पिटल डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलं आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी लांबलांबून माणसं तिथे येत. आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी घरी असं नव्हतं. दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, कितीतरी दिवस. पट्टी सुटल्यावर आजीनं मागणी केली ती बोळ्याची. डॉक्टरांची मनाई होती, डोळ्याला कशाचाही स्पर्श नको. आत्यानं मग नुसते तळहात चोळले आणि आजीच्या दोन्ही कानांवर ठेवले. आजी म्हणाली, ‘तिथे नाही ग, वर.’ आत्या म्हणाली, ‘वर पुढल्या महिन्यात.’

आता आम्ही सगळ्या साठी-सत्तरीच्या घरात आहोत आणि सगळ्यांचे डोळे कोरडे आहेत. पुण्याची ताई बँकेत तीस वर्षं पडद्यासमोर बसली. पडद्याकडे बघताना माणूस पापण्या लववायलाच विसरतो, नेहमीपेक्षा निम्म्याहून कमी लवतात. वाळू गेल्यासारखं खुपतं, वारा लागला की उलट पाणीच येतं. नेत्रतज्ज्ञ बाईंनी तिला समजावलं ते तिनं आम्हांला फोनवर समजावलं. पापण्यांच्या कडेला, केसांच्या मुळांमागे, तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत वीस-पंचवीस. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या मायबोमियन. त्यांतलं तेल अश्रूंच्या वर पातळ थर धरतं, म्हणून डोळ्यातलं पाणी पटकन उडून जात नाही. वय वाढलं की हे तेल दाट होतं, थंडीत बरणीतलं तूप थिजतं तसं, आणि ग्रंथींची तोंडं बंद होतात. तोंड बंद होऊन आत सूज आली की गाठ होते. पिकली तर आमची रांजणवाडी. उपाय काय, तर ऊब. पापणीला सुमारे ४० अंश, पाच ते दहा मिनिटं.

इथे पदराच्या बोळ्याचा हिशेब मांडायला हवा. तोंडातून बाहेर येणारा श्वास ३४ अंशांच्या आसपास असतो. कापडात शिरून पापणीला लागेपर्यंत आणखी उतरतो. म्हणजे थिजलेलं तेल वितळवायला आमच्या आयांचा बोळा पुरा पडत नव्हता. पंच्याची घडी पुरी पडायची, पण ती दोन मिनिटांत निवते, डॉक्टर सांगतात तसं ती पुन्हा पुन्हा गरम करत बसावं लागतं. घराघरांत एवढा वेळ एका पोराला कुठून मिळणार? पण बोळ्याची दुसरी बाजू अशी की तो कुणाला कधी भाजूच शकत नव्हता. देणारीच्या अंगापेक्षा जास्त ऊब त्याच्यात येणार कुठून?

ताईची सून टोकियोला असते. ती येताना डोळ्यांवर ठेवायचे गरम मास्क घेऊन आली. जपानच्या काओ कंपनीनं हे २००७ साली बाजारात आणले. पाकिटातून काढलं की पातळ, मऊ, पांढरी पट्टी, कानात अडकवायला दोन फटी. आत लोखंडाची भुकटी. पाकीट फुटलं की हवा लागते, लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना ऊब सुटते, सोबत वाफ. सुमारे ४० अंश, वीसेक मिनिटं, आणि मग आपोआप निवतं. वायर नाही, बटण नाही. ताई पहिल्यांदा लावून आडवी झाली आणि थोड्या वेळानं म्हणाली, ‘यात कुणीतरी हाऽ करतंय ग.’ तिच्या पाकिटाला लॅव्हेंडरचा वास होता. फोडणीचा वास असलेलं पाकीट जपानी लोक करत नाहीत, त्यांचं नुकसान.

गंमत अशी की सुनेनं ते मास्क डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून आणले होते, ताईनं ते कोरड्या डोळ्यांसाठी ठेवून घेतले. माई आत्याच्या घरात शोभा औषधाचं नाव लावून यायची, आता औषध शोभेचं नाव लावून येतं. सुरकुत्यांना याचा काही फायदा नाही. ऊब लागल्यावर रक्त खेळतं, कातडी ओलसर होते, तासभर डोळे भरल्यासारखे दिसतात, मग जैसे थे. सुरकुत्यांसाठी ऊन टाळा, टोपी घाला, गॉगल घाला, हे नीरस उत्तर आहे आणि तेच खरं आहे.

उलट, बेतानं नाही घेतलं तर हाच मास्क त्या कातडीचं वाटोळं करू शकतो. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यांत पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर, खाली चरबीची गादी जवळजवळ नाहीच. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ताईला जी तंबी दिली ती ऐकताना मला सारखी आत्या ऐकू येत होती. चाळीसच्या फार वर जायचं नाही. मायक्रोवेव्हमध्ये तापवायचे मण्यांचे मास्क मिळतात, ते एका जागी कोमट आणि दुसऱ्या जागी कडकडीत असू शकतात, तेव्हा आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचे. (आत्या गालाला लावायची. मनगटाला नाडी, गालाला लाज, असं काहीतरी ती म्हणायची, त्याचा अर्थ आजवर लागलेला नाही.) चेहरा धुऊन, काजळ-बिजळ पुसून मगच. लेन्स असेल तर काढून. रात्रीची रेटिनॉलची क्रीम लावून वर मास्क मुळीच नाही, उबेनं ती जास्त आत शिरते आणि पापणी सोलवटून निघते. मास्क काढल्यावर स्वच्छ बोटानं पापणीच्या कडेकडे हलकंसं दाबत न्यायचं, वरची खाली, खालची वर, म्हणजे वितळलेलं तेल बाहेर येतं. कातडी ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मलम टिपायचं. घासायचं नाही. डोळे चोळायची खोड वाईट, कातडी काळी पडते, आणि लहान वयात जोरजोरात चोळणाऱ्यांचं बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा धोकाही असतो. डोळे लाल झालेले, चिकटलेले असतील तर मास्क नको. ऑपरेशन झालं असेल तर विचारल्याशिवाय नको.

ताईनं विचारलं, मलम म्हणून घरचं धुतलेलं तूप चालेल का? बाई जरा थांबल्या. म्हणाल्या, ‘पापणीच्या कडेपासून लांब, हाडावर लावा. डोळ्यात जाऊ देऊ नका.’ नाकाकडून कानाकडे, हाडावरून, करंगळीनं. ही जागा आम्हांला कुणी दाखवायची गरज नव्हती.

गेल्या डिसेंबरात भाच्याच्या मुंजीला सगळ्या जमलो. रात्री खोलीत गाद्या घातल्या आणि ताईनं पाच जणींना पाच मास्क वाटले. नागपूरची बहीण आधी नको म्हणाली, तिला साडेतीनशे रुपयांचं गंजलेलं लोखंड तोंडावर घ्यायचं नव्हतं. कुणी म्हणालं, एकच वापरून पुन्हा पाकिटात घालून ठेवला तर उद्या चालेल का. चालत नाही, लोखंड एकदाच गंजतं. धाकटी वहिनी नव्या पिढीची, तिनं आम्हांला विचारलं, तुम्ही लहान असताना काय करायचात? पाचही जणी मास्कच्या आत, दिसत काही नाही, आणि पाचही जणींनी एकदम तोंडानं ‘हाऽ’ केलं. वहिनीला वाटलं, आम्हांला चटका बसला. ती धावत येऊन सगळ्यांचे मास्क काढायला लागली. तिला समजावून सांगेपर्यंत निम्मी ऊब वाया गेली, आणि नागपूरची तेवढ्यावरून पैसे परत मागत होती.